सासूबाईंचा दाब आणि साडेसातचा खून

"वरचा आकडा दीडशेच्या आत आणा, मग मी ऑपरेशनला उभी राहते. एकशे चौसष्टला मी डोळ्याला हात लावणार नाही," असं सांगून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या दंडाचा पट्टा सोडला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. एवढा मोठा निकाल इतक्या थोडक्यात लागलेला काटेतोलांना मुळीच आवडला नाही. त्यांच्या खात्यात अर्ध्या किलोच्या वजनावर शेरा मारायचा म्हटलं तरी तीन सह्या लागत.

काटेतोल हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यातली बावीस वर्षांची निरीक्षकी अंगात मुरल्यामुळे कॉलनीने ते त्यांना बहाल केलं होतं आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारी. तराजूचा काटा बरोबर मधोमध आल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. घरी चहात साखर टाकतानाही ते चमचा डब्याच्या काठावर घासून सपाट करून घेत. आपण जन्मात खोटं बोललो नाही असं ते अभिमानाने सांगत आणि बायको म्हणे, "म्हणून तर आपल्याकडे दुसऱ्यांदा कोणी येत नाही." शेजारणीने नवं बाळ दाखवायला आणलं, तर साहेब त्याला नीट न्याहाळून म्हणाले होते, "नाक जरा मोठं आहे." होतंही मोठं. पण ते सांगायला निरीक्षक कशाला हवा?

सासूबाईंचा डावा डोळा लहानपणीच्या तापात गेला होता. उजव्यात आता मोतीबिंदू पुरता पिकलेला. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती, ती हुकली तर डॉक्टरीणबाई पाच महिने परगावी जाणार होत्या, आणि पाच महिन्यांत मोतीबिंदू इतका घट्ट होईल की मग काही सांगता येणार नाही असं त्यांनी बजावलं होतं. काही सांगता येणार नाही, याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. सासूबाई हल्ली चहा कपाच्या शेजारी ओतत. मागच्या आठवड्यात जिना संपला असं समजून त्यांनी पाय टाकला आणि तिथे अजून तीन पायऱ्या होत्या. काटेतोल मागेच होते म्हणून दंड धरता आला. सहा वर्षं सासूबाई त्यांच्याकडे राहत होत्या, आणि दोघांमधलं संभाषण "जेवलात?" आणि "हो" यापलीकडे क्वचित जाई. पण त्या दिवसापासून काटेतोल जिन्यात सासूबाईंच्या एक पायरी पुढे चालू लागले होते. त्यांना सासूबाईंची काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की काटेतोल मोजायला लागत.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्याच. काटेतोलांनी औषधांच्या दुकानातून बॅटरीवर चालणारं दाब मोजायचं यंत्र आणलं. चार दिवसांनी पहिलं माप घेतलं, तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. समोर म्हणजे अगदी हातभर अंतरावर, उजवा कान पडद्याला लावून. पडद्यावर त्यांना नुसते रंगांचे डाग हलताना दिसत. पण साडेसातची मालिका त्या कानांनी पाहत. तिच्यात रोज कोणीतरी कोणाला तरी ढकलत, दाबत किंवा कोंडत असे, म्हणून घरात तिला सरळ 'साडेसातचा खून' म्हणत. त्या दिवशी घरमालक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत मेलेला सापडला होता.

"दातांचा डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "जिन्यावर बूट करकरले, ऐकलंत ना? तळमजल्यावर तोच राहतो."

"आई, हलू नका," काटेतोल म्हणाले. यंत्राने गुरगुर केली. "एकशे चोपन्न."

"अरे वा, उतरला की! दीडशेच म्हणा ना जावईबापू, कानाला बरं वाटेल."

"आई, चार म्हणजे चार."

"अहो, म्हणा की!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमच्या खिशातून जातात का ते चार?"

पण काटेतोलांना तेवढ्यात एक भयंकर गोष्ट दिसली होती. यंत्र उलटसुलट करून पाहिलं, डबी पाहिली, डबीचा तळ पाहिला. खात्याचा शिक्का कुठेही नव्हता. म्हणजे वजनमापे निरीक्षकाच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या सासूच्या दंडावर, पडताळणी न झालेलं माप! त्यांनी नोंदवहीतल्या एकशे चोपन्नवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं : 'अग्राह्य.' ही रेघ पुढे किती महागात पडणार होती, ते त्यांना तेव्हा कळलं असतं तर ही कथा इथेच संपली असती.

दुसऱ्या दिवशी यंत्र बगलेत घेऊन ते ऑफिसात गेले. हेडक्लार्क त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी जुने आणि नियमांच्या बाबतीत त्यांच्यापेक्षाही कडक.

"शिक्का नाही?" हेडक्लार्क चष्म्यावरून म्हणाले. "मग जप्त करावं लागेल."

"अहो, मीच आणलंय ना पडताळणीला!"

"साहेब, विनाशिक्का माप निरीक्षकाच्या नजरेला पडलं की निरीक्षकाने ते जप्त करायचं. तुमच्या नजरेला पडलं की नाही?"

काटेतोल खोटं बोलणार कसे? त्यांनी स्वतःच्या यंत्राच्या जप्तीचा कागद स्वतःच्या हाताने लिहिला, 'मालाचा धारक' म्हणून एक सही केली आणि 'जप्त करणारा अधिकारी' म्हणून दुसरी. पडताळणीचं उपकरण त्या आठवड्यात स्वतःच पडताळणीला गेलं होतं, त्यामुळे यंत्र कपाटात आणि काटेतोल अधांतरी असे पाच दिवस गेले.

या पाच दिवसांत शेजारचे निवृत्त हेडमास्तर घरात शिरले. शेजारधर्म म्हणून ते रोजच शिरत, पण यावेळी हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. टीव्हीवरच्या मारामारीचा प्रेक्षकांवर काय परिणाम होतो, यावर कोणीतरी अर्धं पान भरलं होतं. हेडमास्तरांनी ते उभं राहून वाचलं. छातीचे ठोके वाढतात. मुठी वळतात. माणूस संशयी होतो, घरच्यांकडेही वाकड्या नजरेने पाहू लागतो. आणि रक्तदाब चढतो.

"पण आईला तर दिसतच नाही," बायको म्हणाली.

"हिंसा ती हिंसाच," हेडमास्तर म्हणाले, "डोळ्यांनी घ्या नाहीतर कानांनी."

काटेतोलांना हे एकदम पटलं. छापून आलेलं होतं, शिवाय मोजता येण्यासारखं होतं. त्या संध्याकाळी बरोबर सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी त्यांनी टीव्ही बंद केला आणि सासूबाईंना ऑपरेशन होईपर्यंतचा मनाई हुकूम वाचून दाखवला. सासूबाईंनी हात लांबवून बंद पडद्याला बोटं लावली. मग "बरं," म्हणाल्या. पुराव्यावाचून न बोलणाऱ्या काटेतोलांनी त्या 'बरं'ला होकार धरलं, आणि इथे आणखी एक माप चुकलं.

यंत्र आलं ते सजूनधजून. खात्याने त्याला तारेने बांधून, तारेच्या टोकाला शिसं ठोकून, शिशावर ठसठशीत शिक्का उमटवून दिला होता. काटेतोलांनी मोठ्या समाधानाने माप घेतलं. एकशे बासष्ट. त्यांनी ते 'पहिली नोंद' म्हणून लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकशे सहासष्ट. तिसऱ्या दिवशी यंत्राने हूं की चूं केलं नाही, कारण बॅटरी संपली होती, आणि बॅटरीच्या झाकणावरूनच तार गेली होती. शिक्का तोडणं हा गुन्हा. त्याच गुन्ह्यासाठी काटेतोलांनी आजवर अकरा दुकानदारांना नोटिसा दिल्या होत्या.

"तोडा ती तार," बायको म्हणाली.

"अगं, काय बोलतेस!"

"मग अर्ज करा."

तोही केला. हेडक्लार्क म्हणाले, "बॅटरी बदलण्यासाठी शिक्का तोडण्याचा नमुना अर्ज आपल्याकडे नाही. नमुना नाही, म्हणजे परवानगी नाही." सरतेशेवटी हेडमास्तरांनी आपल्या डॉक्टर भावाचं जुनं पाऱ्याचं यंत्र माळ्यावरून काढलं आणि ते वापरायची विद्याही त्यांना येत असल्याने रोज संध्याकाळी ते नळ्या कानात घालून हजर होऊ लागले. एक माप हेडमास्तर घेत, दुसरं काटेतोल तपासून पाहत, दोहोंत फरक पडला तर तिसरं, आणि साक्षीदार म्हणून बायकोची सही.

"अहो, मी काय किराणा दुकान आहे का?" सासूबाई एकदा म्हणाल्या. तो आकडा एकशे बहात्तर निघाला.

टीव्ही नुसताच बंद ठेवणं बरं दिसेना, म्हणून काटेतोलांनी निवडून निवडून शांत कार्यक्रम लावून दिले. प्राण्यांचा लावला, तर पाचव्या मिनिटाला ससाण्याने ससा उचलला आणि निवेदकाने तो प्रसंग चवीचवीने सांगितला. बागकामाचा लावला, तर किडे मारण्याच्या सात पद्धती. बातम्यांत सहा जण एकाच वेळी ओरडत होते. स्वयंपाकाच्या स्पर्धेत परीक्षकाने एका मुलीचं ताट बाजूला सरकवलं, ती रडायला लागली आणि सासूबाई पडद्याला म्हणाल्या, "हात मोडला मेल्याचा!" एकशे शहात्तर. शेवटी मासे पोहण्याचा कार्यक्रम सापडला. त्यात आवाजच नव्हता. सासूबाई त्यासमोर हात मांडीवर ठेवून अर्धा तास बसल्या. त्यांच्यासाठी तो नुसता निळा डाग होता.

कॉलनीतून सल्ले येत होतेच. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाय गार पाण्यात ठेवायला सांगितले, त्याने सर्दी झाली. एकाने कांदा सुचवला, दुसऱ्याने कांदा बंद करायला सांगितला. हेडमास्तरांचं म्हणणं असं की घरातली भाषाच हिंसक आहे. "मोजा तुम्ही," ते म्हणाले, "आपण हाक मारतो, गप्पा मारतो, झाडू मारतो, फेरफटका मारतो, जेवणावर ताव मारतो. दिवसभर कानावर नुसती मारामारी!" झालं. काटेतोलांनी घरात तो शब्द बंद केला. पुढचे दोन दिवस बायको त्यांना हाक मारण्याऐवजी टाळ्या वाजवून बोलावू लागली आणि ते टाळ्या ऐकून मुकाट्याने येत. शेजारचं मोठ्या नाकाचं बाळ त्यांना पाहून टाळ्या वाजवायला शिकलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी काटेतोल त्या वेळी कोणाला सांगत नव्हते. मनाई हुकुमाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मनात शंका आली की ज्या मालावर आपण बंदी घातली, तो आपण तपासलेला कुठे आहे? माल न तपासता जप्ती म्हणजे अन्याय. म्हणून साडेसातला ते "हेडमास्तरांकडे अभ्यासाला जातो," असं सांगून बाहेर पडले. यात खोटं काहीच नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "विषाची परीक्षा कोणीतरी घ्यायलाच हवी," आणि दोघांनी टीव्ही लावला. पहिल्या दिवशी काटेतोल वहीत गुद्दे मोजत होते. तिसऱ्या दिवशी वही बंद झाली. पाचव्या दिवशी दोघेही गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकलेले होते, आणि हेडमास्तरांच्या बायकोने "चहा घेता का?" विचारलं, तेव्हा दोघे एकदम "शूऽऽ!" म्हणाले.

टाकीतल्या घरमालकाच्या खुनाचा संशय तिघांवर होता. कर्जबाजारी भाचा, करकरणाऱ्या बुटांचा दातांचा डॉक्टर, आणि वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणारी एक गरीब गाय दिसणारी बाई. काटेतोलांचा कोणावरच विश्वास उरला नाही. ते घरी परतताना भिंतीच्या कडेकडेने चालू लागले. दाराची कडी दोनदा तपासू लागले. एकदा बायकोला डोळे बारीक करून म्हणाले, "काल दुपारी तीन ते चार तू कुठे होतीस?"

"भांडी घासत होते," बायको म्हणाली. "साक्षीदार म्हणून कढई आहे. बोलावू का?"

बाजारात तर कहरच झाला. एका वाण्याचा तराजू तपासताना त्यांनी त्याच्याभोवती सावकाश एक फेरी घातली आणि मागून, हळू आवाजात विचारलं, "घाम का येतोय तुम्हाला?" वाणी बिचारा भट्टीसारख्या तापलेल्या पत्र्याखाली उभा होता. त्याने ऑफिसात तक्रार केली आणि हेडक्लार्कने साहेबांकडून लेखी खुलासा मागवला. मुठी वळत होत्या, ठोके वाढत होते, नजर वाकडी झाली होती. कात्रणातलं एकेक लक्षण बिनचूक उतरलं होतं, फक्त माणूस चुकला होता. हे काटेतोलांच्या ध्यानात आलं नाही. वहीत त्यांनी लिहिलं : 'मालिका बंद करूनही दाब वाढताच. कारण अज्ञात.' एकशे चोपन्न त्या रेघेखाली निमूट पडून होता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंना दवाखान्यात दाखल करायचं होतं. सगळं साडेसहाला आटोपलं असतं. पण काउंटरशेजारी पेशंटचं वजन घ्यायचा काटा होता, आणि त्यावरचा शिक्का मागच्या वर्षीचा निघाला.

"नंतर बघू ना हो," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"बाई, नंतर म्हणजे कधी? आत्ता माझ्या सासूबाईंचं वजन या काट्यावर कागदावर चढतंय!"

एक तास वीस मिनिटं चाललं हे. बायको भिंतीला टेकून उभी होती, सासूबाई बाकावर बसून होत्या. काउंटरवरच्या बाईंनी शेवटी रजिस्टर मिटलं आणि काटेतोलांकडे असं पाहिलं की त्यांनी विषय सोडला. भिंतीवरच्या घड्याळात सात पन्नास झाले होते, आणि तेव्हा त्यांना एकदम आठवलं. आज मालिकेचा शेवटचा भाग होता. खुनी आज कळणार होता, आणि दवाखान्यात टीव्ही नव्हता.

सकाळी सिस्टरनी पट्टा बांधला. एकशे शहाऐंशी.

डॉक्टरीणबाई आल्या, आकडा पाहिला आणि ऑपरेशनची टोपी काढून हातात घेतली. "अर्धा तास थांबते," त्या म्हणाल्या. "उतरला नाही तर घरी घेऊन जा. पुढचं मग पाच महिन्यांनी."

बायकोने तोंड फिरवलं. ती सहसा रडत नसे. सासूबाई खाटेवर ताठ झोपून छताकडे पाहत होत्या. काटेतोलांनी स्टूल ओढलं.

"आई, भीती वाटतेय का?"

"ऑपरेशनची नाही वाटत."

"मग?"

"जावईबापू, राग मानू नका. तुम्ही माझ्या भल्याचंच केलंत. पण मला आता वाचता येत नाही, शिवता येत नाही. घरात सगळे हलक्या पावलांनी फिरतात, खुणांनी बोलतात, मला काही कळत नाही. दिवसाकाठी तो अर्धा तास असा होता की काय चाललंय ते मला तुमच्याइतकंच कळायचं. कोण आलं, कोण गेलं, कोणाचे बूट. तो गेला आणि मग नुसतं बसून मी एकच विचार करत राहिले, की उद्या डोळा नाहीच उघडला तर आता हे असंच राहायचं. तो टाकीतला माणूससुद्धा मला रोज स्वप्नात विचारतो, कोणी मारलं मला?"

काटेतोलांनी खाली पाहिलं. बावीस वर्षं ते दुकानदारांना सांगत आले होते की काटा चुकत नाही, माणूस चुकतो. आज पहिल्यांदा तो माणूस ते स्वतः होते, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. अर्ध्या तासातली सहा मिनिटं गेली होती.

ते उठून धावत काउंटरवर गेले. हेडमास्तरांना फोन करून खुनी कोण ते विचारलं की काम होणार होतं. "फोन बिघडलाय," कालच्या बाई म्हणाल्या आणि त्याच फोनवर त्यांनी कोणाशी तरी बोलायला सुरुवात केली. काटेतोल परत आले, स्टुलावर बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, मी पाहिलेत ते भाग. हेडमास्तरांकडे."

"हा तुमचा अभ्यास!" बायको म्हणाली.

"तू थांब जरा. आई, ऐका. घरमालक टाकीत सापडला तेव्हा जिन्यावर बूट करकरले होते ना?"

आणि काटेतोलांनी सुरुवात केली. आधी ते खुलासा लिहिल्यासारखे बोलत होते, मग त्यांच्या लक्षात आलं की सासूबाईंना आवाज हवेत. त्यांनी खाटेच्या लोखंडी दांड्यावर टकटक केलं, ते दार झालं. स्टूल फरशीवरून ओढलं, ते टाकीचं झाकण झालं. भाच्यासाठी त्यांनी रडका आवाज काढला, शिकवणीच्या बाईंसाठी बारीक. ओळीने खाटा होत्या, प्रत्येकीवर डोळ्यांत थेंब घालून मिटल्या डोळ्यांनी पडलेला एकेक पेशंट, आणि सगळ्यांचे चेहरे हळूहळू या खाटेकडे वळले. सिस्टर हातातला ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांचे गुद्दे, धमक्या आणि पाठलाग काटेतोलांनी अठरा मिनिटांत आणून गच्चीवर पोहोचवले. तिथे इन्स्पेक्टर टाकीला पाठ लावून उभा, समोर तिघे संशयित ओळीत, आणि वारा. वाराही काटेतोलांनी तोंडानेच काढला.

"मग?" सासूबाई म्हणाल्या. काटेतोलांनी त्यांचा हात धरला होता. "कोण होतं?"

इथेच काटेतोलांचा माल संपला. पुढे त्यांनाही माहीत नव्हतं. "मला माहीत नाही" हे खरं उत्तर जिभेवर तयार होतं, आयुष्यभर तेच तर देत आले होते. त्यांनी सासूबाईंचा तो पांढुरका डोळा पाहिला, जो काही न दिसता त्यांच्याकडेच लागला होता. दाराशी डॉक्टरीणबाई घड्याळ पाहत होत्या.

"दातांचा डॉक्टर," काटेतोल म्हणाले.

"काय सांगता! नक्की?"

"अगदी नक्की. बुटांवरूनच पकडला. आई, तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर ओळखलं होतंत."

शेजारच्या खाटेवरचे, सकाळीच घरून आलेले गृहस्थ एकदम उठून बसले. "अहो, काय सांगताय! काल तर शिकवणीच्या बा..."

काटेतोलांनी त्यांच्याकडे जी नजर टाकली, तिच्यापुढे आजवर मोठमोठे ठोक व्यापारी नरमले होते. सिस्टरनीही तेवढ्यात गृहस्थांच्या तोंडात थर्मामीटर घातला. ते तो दातांत धरून डोळे वटारत राहिले. नंतर मोजला तेव्हा त्यांचा दाब एकशे सत्तर भरला.

सासूबाई मात्र उशीवर मागे टेकल्या. थोडं हसल्या. "बरं झालं," म्हणाल्या, आणि डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास सोडला. सिस्टरनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला.

"एकशे चव्वेचाळीस."

काटेतोलांचा हात सवयीने पुढे गेला. एका मापावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता. दुसरं घ्यायचं, फरक पडला तर तिसरं. बायकोने नुसतं पाहिलं. काटेतोलांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. डॉक्टरीणबाईंनी टोपी डोक्यावर चढवली आणि खाट आत गेली.

बाहेरच्या बाकावर नवराबायको बसले. खोटं बोलल्याबद्दल आपल्याला काहीतरी व्हायला हवं होतं असं काटेतोलांना वाटत होतं, निदान घसा तरी दुखायला हवा होता. पण नुसती भूक लागली होती. चाळीस मिनिटांनी सिस्टर येऊन म्हणाल्या, "छान झालं," आणि बायकोने सिस्टरसमोरच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी बोटं धरली.

"तीन," सासूबाई म्हणाल्या. "आणि मधल्यावर शाईचा डाग आहे."

डॉक्टरीणबाई हसत पुढच्या खाटेकडे गेल्या. सासूबाईंनी लेकीला पाहिलं, खूप वेळ पाहिलं, मग मान वळवली. "जावईबापू, जरा उजेडात या."

काटेतोल पुढे झाले.

"दातांचा डॉक्टर नव्हता ना?"

काटेतोलांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आई... शेवटचा भाग मी पाहिलाच नाही. त्या काट्यापायी राहून गेला. मी आपलं..."

"ते मला तेव्हाच कळलं. सहा वर्षं तुमचा आवाज ऐकतेय मी. काल पहिल्यांदा डगमगला."

"अगं आई, कळलं होतं तर मग दाब उतरला कसा?" बायकोने विचारलं.

"खुनी कोण का असेना," सासूबाई म्हणाल्या. "ज्या माणसाला साधं खोटं बोलता येत नाही, तो चार लोकांत माझा हात धरून माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलला. म्हटलं, एवढं आपलं माणूस बाहेर बसलंय, तर आता होऊ दे काय व्हायचं ते."

काटेतोलांना यावर काहीतरी मोजकं बोलायचं होतं. ते जमलं नाही, कारण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते बघायला सासूबाईंचा डोळा नेमका आजच उघडला होता.